मटार सोलताना गप्प बसू नये

आमच्या घरात मटार सोलायला बसायचं तर तोंड सतत चालू ठेवावं लागतं. खाण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. हा नियम मामंजींनी घालून दिला. गाणं म्हणा, शेजाऱ्यांच्या चुगल्या करा, झोपेत पडलेलं स्वप्न सांगा, काहीही करा, पण टोपलीभोवती आवाज हवा. जो गप्प बसला तो मटार खातोय असं धरायचं. संशय आला की जीभ बाहेर काढून दाखवायची, आणि ती हिरवी दिसली की मुकाट्याने उठून भांडी घासायला जायचं. जगात मूग गिळून गप्प बसणारी माणसं पुष्कळ असतील. आमच्याकडची मटार गिळून बसतात.

नियम कशाला हवा, हे पहाटे तोडलेला मटार ज्याने सकाळीच खाल्लाय त्याला सांगावं लागत नाही. शेंग अंगठ्याने दाबली की टच्‌कन उघडते, आणि दाणा दाताखाली फुटला की नुसता गोड रस. हाच मटार संध्याकाळी बरा लागतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त हिरवा असतो. ज्यांनी जन्मभर दुकानातला खाल्ला त्यांना वाटतं मटार पिठूळच असतो, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या पहिल्या सोलणीला आम्ही चार टोपल्या घेऊन बसलो आणि उठलो तेव्हा सगळे दाणे एका वाडग्यात मावले. कुंपणच शेत खात होतं. नव्या सुनेने त्यात किती हात मारला होता ते मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मामंजींनी नियम काढला.

मामंजी आता नाहीत. घरामागची जमीन त्यांच्या दोन मुलांकडे आहे, म्हणजे आमचे हे आणि माझे धाकटे दीर. जमीन म्हणजे काही मोठं शेत नव्हे. शाळेच्या मैदानामागे सुरू होऊन ओढ्यापाशी संपणारे वाफे, एक विहीर आणि पालापाचोळा कुजवायचा खड्डा. फवारणीचं औषध तिथे कधी आलं नाही. मावा पडला तर साबणाचं पाणी मारायचं, गोगलगायी हाताने वेचायच्या, आणि त्यातूनही किड्याने काही खाल्लं तर त्याचा वाटा समजून सोडून द्यायचं. दर शनिवारी दुपारी बसथांब्याशेजारी आमचं टेबल लागतं. टेबलावर जे त्या आठवड्यात निघालं तेवढंच असतं. एक बस ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. तो ऐन कोबीच्या दिवसांत येऊन टोमॅटो मागतो आणि ऐन टोमॅटोत येऊन मुळे. आमचे हे त्याला दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगतात की आत्ता नाहीत, आणि तो जे असेल ते घेऊन जातो. मला वाटतं, तो फक्त यांचं तोंड बघायला विचारतो.

यंदा मात्र मटार आला तेव्हा घरात अळीमिळी गुपचिळी होती. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं असं होतं. थंडी सरत आली असताना मध्येच चार दिवस छान ऊब पडली, आणि भाऊजींनी यांना न विचारता एका लांब वाफ्यात मटार पेरून टाकला. लवकर पेरला तर लवकर येईल, एवढाच त्यांचा हिशेब. पाठोपाठ असा गारठा पडला की सकाळी वाफ्यावर पांढरा थर. आमच्या यांनी तो पाहिला, बी मेलं असं जाहीर केलं, आणि भाऊजी सासुरवाडीला गेले होते तेवढ्यात तो सबंध वाफा खणून टाकून त्यात पालक लावला. भाऊजी परत आले, वाफ्याकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की थोडं थांबला असतास तर. हे म्हणाले की मेलेल्या बियाची वाट बघायची नसते. त्यानंतर दोघांमधलं बोलणं बंद झालं. कामं ठरलेली होती म्हणून अडली नाहीत; ऊब आल्यावर दुसऱ्या वाफ्यांत मटार पेरला तोही असाच, न बोलता. काही विचारायचंच असेल तर माझ्यामार्फत. टपालखातं मी एकटी चालवत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं, भावाभावांचं काय, आज विळ्या-भोपळ्याचं सख्य आणि उद्या गळ्यात गळे. पण भाऊजींना एक नोकरी सांगून आली. दुसऱ्या शहरात, मटार गोठवून वर्षभर विकणाऱ्या कारखान्यात. ज्या माणसाने आयुष्यात शिळा मटार तोंडात घातला नाही तो आता पोत्यापोत्यांनी बर्फात घालणार होता. राहायला जागासुद्धा कारखाना देत होता. सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा होता.

माझी धाकटी जाऊ कोठीच्या खोलीत कांद्यांच्या आडोशाला उभी राहून रडली, म्हणजे कोणी विचारलं तर कांद्यावर ढकलता येईल. तिला जायचं नव्हतं. भाऊजींनाही नव्हतं, हे तिनेच सांगितलं. दादाने एकदा, फक्त एकदा 'राहा' म्हणावं, एवढीच त्यांची अट होती. मी ते टपाल इमानाने पोचवलं. हे चहात पाव बुडवत म्हणाले की त्याला जायचं आहे, अडवणारा मी कोण. मी विचारलं, तुम्हाला तो जायला हवा आहे का? त्यावर पाव तुटून चहात पडला आणि हे तो चमच्याने शोधत बसले. मोडेन पण वाकणार नाही अशी माणसं गोष्टीत शोभतात. घरात दोन दोन असली की बायकांनी करायचं काय?

म्हणून शनिवारी मी माझं डोकं चालवलं. पहाटे शेंगा तोडून झाल्या, मागच्या खोलीतलं लांब टेबल पुसलं, टोपल्या ओतल्या, आणि दोघा भावांना समोरासमोर बसवलं. दोघांमध्ये एकच पातेलं ठेवलं, म्हणजे हात तरी एका ठिकाणी येतील. एका टोकाला मी आणि जाऊ, दुसऱ्या टोकाला आत्या. आत्या म्हणजे मामंजींच्या बहीण. दर वर्षी सोलणीला मुद्दाम येतात, कारण जिभा तपासायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांना स्वतःला हा नियम कधी जाचला नाही. आत्या गप्प बसल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

सुरुवात आत्यांनीच केली. त्यांच्या कवळीची हकिकत निघाली, मग कवळी बसवणाऱ्या डॉक्टरची, मग त्या डॉक्टरच्या सासूची. मी आणि जाऊ मध्येमध्ये हुंकार भरत होतो आणि हुंकाराच्या आडून एखादा दाणा तोंडात टाकत होतो. इतक्या वर्षांच्या सरावाने ते जमतं. पण समोर दोघे भाऊ नुसते सोलत होते. शेंग उघडायची, दाणे पातेल्यात, टरफल बादलीत. ओठ मिटलेले. डॉक्टरच्या सासूच्या तिसऱ्या ऑपरेशनपाशी आत्या थांबल्या आणि त्यांनी दोघांकडे पाहिलं.

जिभा काढा म्हणाल्या. दोघांनी काढल्या. दोन्ही जिभा स्वच्छ गुलाबी होत्या.

आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोन माणसं मटाराच्या ढिगापुढे गप्प बसली होती आणि दोघांपैकी एकानेही एक दाणा खाल्ला नव्हता. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच आत्यांच्या कानावर होतं, पण आता त्यांचा चेहरा उतरला. घास गोड लागेनासा झाला म्हणजे ते नुसतं भांडण राहिलेलं नसतं.

तरी नियम तो नियम, आत्यांनी बजावलं. बोला, नाहीतर दोघेही उठा. एकमेकांशी नका बोलू हवं तर, पण बोला.

आमच्या यांनी थोडा विचार केला आणि पाढे म्हणायला सुरुवात केली. बे एके बे, बे दुणे चार. शप्पथ सांगते, चाळिशी उलटलेला माणूस, मिशा असलेला. भाऊजी शिट्टीवर कसलीतरी चाल वाजवू लागले. यांचा चारचा पाढा झाला, पाचचा झाला. जाऊ टेबलाखालून मला चिमटे काढत होती आणि मी हसू दाबून शेंगा मोजल्याचं सोंग करत होते. बारापर्यंत गाडी सुरळीत आली. तेराला दम लागला. तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते सत्त्याण्णव.

भाऊजींची शिट्टी थांबली. तोंडातून निघून गेलं बिचाऱ्यांच्या, "एक्क्याण्णव."

हे त्या दोघांतलं कितीतरी दिवसांतलं पहिलं बोलणं. यांनी मान वर न करता म्हटलं की मी तेच म्हणालो. भाऊजी म्हणाले, सत्त्याण्णव म्हणालास. हे म्हणाले, तुझ्या शिट्टीत तुला काय ऐकू येणार. आत्या खूश होऊन पुढे सरकल्या, कारण भांडण हेही बोलणंच, नियमात बसतं. मग भाऊजींनी हातातली शेंग खाली ठेवली.

"दादा, तुझी चूक झाली की तुला ती कबूल करता येत नाही. कधीच नाही."

ते पाढ्याबद्दल बोलत नव्हते हे टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना कळलं. आत्यांनी सवयीने तोंड उघडलं, पण मी या टोकावरून त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि त्या थांबल्या. आत्या थांबल्या, म्हणजे बघा.

"कोंब दिसले होते मला," हे म्हणाले.

"कसले कोंब?"

"तुझ्या वाफ्यात. पहिल्याच फावड्याला वर आले. पांढरे, नखाएवढे. बी मेलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. तरी खणत गेलो. तू मला विचारलं नव्हतंस, आणि उगवलं असतं तर तुझं खरं ठरलं असतं." यांनी अंगठ्याने एक शेंग उघडली, रिकामी असल्यासारखी बघितली आणि तशीच ठेवून दिली. "त्या पालकाचं एक पानही मी खाल्लं नाही."

हे मात्र खरं होतं. पालक होता तोवर यांनी पोटाची तक्रार सांगून नुसत्या पावावर काढलं होतं, आणि मी त्यांना ओवा खायला घालत होते.

भाऊजी उठले. खुर्ची मागे सरली तिचा केवढा तरी आवाज झाला. ते दार उघडून मळ्याकडे निघून गेले. जाऊने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते आणि या वेळी जवळपास कांदे नव्हते. हे बसूनच राहिले. मी म्हटलं, अहो, उठा. एवढं जड सांगितलंत, आता उरलेलं हलकं तेवढं सांगून या. कधी नव्हे ते माझं ऐकलं.

खिडकीची काच बरीच धुरकट आहे, पण आम्ही तिघी तिला नाक लावून उभ्या राहिलो. मटाराच्या वेलांपाशी भाऊजी पाठमोरे उभे होते. हे जाऊन शेजारी उभे राहिले. आत्यांनी विचारलं की कोण बोलतंय, आणि मी सांगितलं की कोणीच नाही. मग यांनी वेलीवरून एक शेंग तोडली, उघडली आणि पुढे धरली. भाऊजींनी ती घेतली. त्यांनी दाणे खाल्ले, टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा सोलून ते टरफलसुद्धा खाल्लं, लहानपणी दोघे खायचे म्हणतात तसं. मग दोघेही तोडत राहिले आणि खात राहिले. मध्ये एकदा यांचा हात भाऊजींच्या खांद्यावर गेला. जाऊ मला म्हणाली, "ताई, आजचा मटार गेला सगळा." तिला हुंदका आणि हसू एकदमच आलं.

परत आले तेव्हा दोघांच्या जिभा तपासायची गरजच नव्हती, ओठ बघून पुरे होतं. हे दारातच थांबून सर्वांना म्हणाले की मी त्याला राहा म्हणालोय, पुढचं त्याचं तो सांगेल. भाऊजींनी तोंड पुसत सांगितलं की दादा म्हणाला, तुझ्याशिवाय मला जमायचं नाही. हे म्हणाले, असं नव्हतो म्हणालो. भाऊजी म्हणाले, जवळजवळ असंच. आत्यांनी दोघांनाही भांडी घासायला पाठवलं, आणि दोघे मोरीत उभे राहून पाढ्यातली ती चूक मुद्दाम होती की नव्हती यावर वाद घालत पातेली घासत बसले. सोमवारची वाट न बघता भाऊजींनी ओल्या हातांनीच कारखान्यात फोन करून नकार कळवला.

या सगळ्यात सोललेला मटार पाव पातेलंसुद्धा भरला नाही आणि दुपार झाली. काय करणार, शेंगा तशाच भरून बसथांब्यावर नेल्या. टेबल लावलं, शेगडीवर पाणी ठेवलं. आमच्याकडे मटार करायची रीत अगदी साधी आहे. उकळत्या पाण्यात दाणे टाकायचे, वर तरंगायला लागले की काढायचे, चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ, वाटलं तर पुदिन्याची दोन पानं. याहून जास्त काही केलं की मटाराची चव जाते आणि करणाऱ्याची दिसते. पण त्याला सोललेले दाणे लागतात. मग भाऊजींनीच तोड काढली. बाकावर बसची वाट बघणाऱ्यांच्या हातात त्यांनी एकेक मूठ शेंगा दिल्या आणि सांगितलं, सोलून द्या, लगेच शिजवून देतो.

आत्या खुर्ची टाकून बाकासमोर बसल्या. त्यांनी त्या अनोळखी माणसांना नियम समजावून सांगितला, जिभेसकट. आधी लोक लाजले. मग एक कॉलेजची मुलगी आपल्या परीक्षेबद्दल बोलायला लागली, शेजारचे पोस्टमन तिला धीर देऊ लागले, एका आजोबांनी गाणं धरलं आणि त्यांच्या बाईसाहेबांनी ते मध्येच सुधारलं. एक जाडजूड गृहस्थ फारच शांत बसले होते. आत्यांनी जीभ मागितली. त्यांनी आढेवेढे घेत दाखवली, आणि सबंध थांबा हसायला लागला. आमच्याकडे तिथे घासायला भांडी नव्हती, तेव्हा त्यांनी शिक्षा म्हणून सगळ्यांना वाट्या नेऊन दिल्या आणि फार आनंदाने दिल्या. दोन बस आल्या आणि अर्ध्या रिकाम्या गेल्या. तिसरी आपल्या ड्रायव्हरची होती. त्याने खाली उतरून विचारलं की भोपळा आहे का. यांनी नाही म्हणून सांगितलं, त्याच्या हातात वाटी दिली, आणि बस तिथेच उभी राहिली. उशीर होतोय हा विषय बसमधल्या कोणीच काढला नाही, कारण तोवर खिडक्यांतूनही शेंगा आत गेल्या होत्या. मी शेगडीपाशी घामाने निथळत उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

टरफलं मी पोतं भरून घरी आणली. रात्रीच्या जेवणाला ती कांद्याबरोबर उकळून, घोटून, गाळून सार केलं, आणि यांनी ते तीनदा घेतलं. पोटाची तक्रार निघाली नाही.

रविवारी उजाडता उजाडता मला आवाजानेच जाग आली. खिडकीखाली दोघे भांडत होते, चांगले मोठ्याने. टोमॅटोची रोपं वाफ्यात लावायची होती. भाऊजी म्हणत होते आजच, रोपं केवढी झालीत बघ, कुंडीत मुळं अडकली. हे म्हणत होते की आणखी आठवडाभर थांब, तुला कसली घाई असते नेहमी. मामंजींचं नाव निघालं, गेल्या वर्षीची वांगी निघाली. दारावर टकटक झाली. जाऊ आत आली, घाबरी झालेली, केस मोकळे. म्हणाली, "ताई, जाऊन थांबवा ना त्यांना."

मी म्हटलं, मुळीच नाही. ये, इथे बस आणि ऐक. पुष्कळ दिवसांनी हे गाणं लागलंय. ती पलंगाच्या कडेवर टेकली, पण दोन्ही कान हातांनी झाकून.

मग आमच्या यांचा आवाज आला, "बरं. मग तूच ठरव."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी त्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही ऐकलं नसणार.

"नको दादा," ते म्हणाले. "थांबू आठवडाभर. एखादी रात्र गार गेली तर?"

मला एकदम रडू आलं, आणि धाकटीला वाटलं, खाली भांडण फारच वाढलं.